आधी पंखाची परीक्षा

मानपाड्यात राहून पॅराग्लायडर उडवायचा नाद कसा लागला, असं मला पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमचं मानपाडा डोंबिवली पूर्वेचं. ठाण्याला घोडबंदर रोडवर दुसरं मानपाडा आहे, त्यामुळे पत्ता सांगताना 'कल्याण-शिळ रोडचं' हे जोडावंच लागतं. एका अंगाला रात्रंदिवस धावणारे ट्रेलर, दुसऱ्या अंगाला एमआयडीसीच्या पत्र्याच्या शेड. डोंगर म्हणाल तर लांबवर मलंगगड. आभाळ म्हणाल तर मुंबईला उतरणाऱ्या विमानांचं, आणि २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळाचंही. "मलंगगडावरूनच उडत जा की, कामशेतला कशाला मरायला जातेस?" हा सल्ला सोसायटीत मला नेमाने मिळतो. मी एवढंच सांगते, की कुठून उडायचं ते नंतर बघू, आधी कुठे उतरायचं ते सांगा. मलंगगडाखाली झाडी, झाडीनंतर विजेच्या तारा, तारांनंतर इमारती, आणि डोक्यावर विमानांची वाट.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आलेला माल मोजायचा, ड्रॉइंगशी ताडायचा, मापात बसला तर पास, नाही तर लाल टॅग. दिवसभर हातात व्हर्नियर आणि गो-नो गो गेज. नातेवाइकांना वाटतं, या कंटाळवाण्या नोकरीवर उतारा म्हणून मी उडायला जाते. पण स्पर्धेत उतरायचं ठरवलं तेव्हा कळलं, की तिथली पहिली पायरी माझ्या नोकरीचीच आहे. पायलट किती धीट आहे हे कुणी विचारतच नाही. पंख कोणता, त्याला प्रमाणपत्र कुठलं, तो त्या प्रमाणपत्राप्रमाणे आजही आहे का आणि त्याखाली लटकणारं वजन किती, हे मात्र सगळे विचारतात.

उडणारा पंख जवळून पाहिला तो देवळालीला. माझे मामा तोफखान्यात होते आणि देवळालीला सैन्याचं हँग ग्लायडिंगचं केंद्र आहे. मी शाळेत होते. मैदानावर दोन जवान एक लांबलचक पिशवी उघडून बसले होते. आतून अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या निघाल्या, घडी उलगडत त्रिकोणी शीड ताठ झालं, शिडाच्या खिशांत एकेक वाकवलेली पट्टी सरकवली गेली, तारा ताणल्या गेल्या. जोडणी संपल्यावर दुसऱ्या जवानाने कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि प्रत्येक तार बोटांनी चाचपत, प्रत्येक पिन ओढून बघत पूर्ण फेरी मारली. मी जोडणाऱ्याकडे बघत होते. मामा म्हणाले, "अगं, त्याच्याकडे काय बघतेस? हा दुसरा बघ. उद्या जमिनीवर चालत परत यायचं का, हे तो ठरवतोय."

तेव्हापासून मला हँग ग्लायडरच उडवायचा होता. तो पंख आहेच देखणा. पायलट खाली पालथा टांगलेला असतो, हातात त्रिकोणी कंट्रोल फ्रेम. अंग डावीकडे सरकवलं की पंख डावीकडे वळतो, पुढे ओढून घेतलं की वेग वाढतो. अमेरिकेत फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगालो या जोडप्याने लवचीक पंखाचं पेटंट १९५१ साली मिळवलं. ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टनला जॉन डिकन्सन यांनी १९६३ मध्ये त्याला कंट्रोल फ्रेम जोडून बोटीमागे उडवला, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत हा खेळ जगभर पसरला. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७६ साली ऑस्ट्रियातल्या कोसेनला झाली. आपल्याकडे हिमाचलच्या बिलिंगला १९८४ साली हँग ग्लायडिंगचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला होता. आज बीर-बिलिंग म्हटलं की पॅराग्लायडिंग डोळ्यांपुढे येतं, पण त्या धारेवरून त्याआधी हे त्रिकोणी पंख उडाले होते.

माझं घोडं अडलं ते डोंबिवली स्टेशनात. हँग ग्लायडर घडी केल्यावरही पाच-सहा मीटर लांब आणि पंचवीस-तीस किलोंच्या पुढे. तो न्यायला गाडीच्या टपावर कॅरियर हवा, टेकडीवर चढवायला दोन माणसं हवीत, घरी ठेवायला लांब भिंत हवी. वन बीएचकेत यातलं काहीच नसतं. शिवाय शिकवणारं कुणी हवं. महाराष्ट्रात नागरिकांना सहज शिकता येतं ते पॅराग्लायडिंग. फ्रान्समधल्या मिओसीला १९७८ मध्ये काही पॅराशूटवाल्यांनी डोंगरउतारावरून धावत उड्या मारल्या, तिथून हा सांगाडा नसलेला पंख सुरू झाला. कापड, दोऱ्या आणि हवा, एवढाच. सगळं सामान पाठीवरच्या पिशवीत मावतं. ती पिशवी घेऊन सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये शिरणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. "ओ ताई, बिछाना घेऊन कुठे निघालात?" हे मी अनेकदा ऐकलं आहे. शिकायला जायचं ते कामशेतला: कल्याणहून सकाळची इंद्रायणी, लोणावळ्याला उतरून पुण्याची लोकल, मळवलीनंतर कामशेत. स्टेशनाबाहेर वडापाव, आणि मग पुढे टमटम किंवा स्कूलची जीप.

कामशेतच्या शिक्षणाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळीकडे सारखंच असतं. आधी सपाट मैदानावर पंख डोक्यावर उभा करायचा आणि उभा ठेवायचा. वाऱ्याने फरफटायचं, गुडघे सोलवटायचे, पुन्हा उभा करायचा. मग छोटा उतार, मग टेकडी, मग पवनेच्या खोऱ्यावर तरंगणं. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी गरम हवा, म्हणजे थर्मल, शोधून त्यात घिरट्या घालायला शिकले तेव्हा आमच्या एमआयडीसीतल्या घारी आठवल्या. पत्रे तापले की त्या शेडवर येतात आणि पंख न हलवता वर जातात. दुपारी खाडीकडून वारा सुटला की घिरट्या पूर्वेकडे सरकतात. हा समुद्रावरचा वारा संध्याकाळपर्यंत घाट चढून कामशेतलाही पोचतो आणि थर्मलचा खेळ संपवतो. कारखान्यात आठवडाभर खिडकीतून घारी बघून शनिवारच्या हवेचा अंदाज बांधायची मला सवय लागली आणि ती बऱ्यापैकी खरी ठरते.

लांब उडायला लागल्यावर स्पर्धेचा विचार डोक्यात आला. पाचगणीला धोम धरणाच्या वर उडताना एका जाणत्या पायलटने तो घातला. ते म्हणाले, "एकटी उडशील तर दहा वर्षांत शिकशील ते स्पर्धेत एका आठवड्यात दिसेल. पन्नास जण एकाच हवेत एकाच वेळी उडतात. कोण कुठे वळला, कुणाला मिळालं, कुणाला नाही, सगळं समोर." मी विचारलं, सुरुवात कुठून करू? मला वाटलं होतं सराव सांगतील. त्यांनी विचारलं, "ग्लायडरची तपासणी शेवटची कधी झालीये?"

हा प्रश्न का, ते समजायला प्रमाणपत्राची भानगड थोडी सांगावी लागेल. पॅराग्लायडरच्या युरोपीय मानकात दोन चाचण्या असतात. पहिली ताकदीची. कमाल वजनाच्या आठपट भार टाकून पंख फाटतो का, दोऱ्या तुटतात का, ते बघतात. दुसरी वागणुकीची. टेस्ट पायलट वर जाऊन मुद्दाम पंखाची एक बाजू मिटवतात, पुढची कड दुमडतात, गिरक्या घालतात, आणि पंख स्वतःहून किती लवकर सावरतो, किती अंश वळतो, याची नोंद करतात. त्यावरून ए, बी, सी, डी अशा श्रेणी मिळतात. ए म्हणजे शिकाऊ पायलटला सांभाळून घेणारा. डी म्हणजे वेगवान, सडपातळ आणि चुकीला माफी नसलेला. त्याच्याही पुढे सीसीसी हा खास स्पर्धेचा वर्ग. ही श्रेणी पंखाच्या आत एका छोट्या कापडी स्टिकरवर छापलेली असते, मॉडेल, साइझ आणि वजनाच्या मर्यादेसकट. स्पर्धेच्या नोंदणीत तुमच्या तोंडाकडे बघण्याआधी त्या स्टिकरकडे बघतात.

माझा पंख बी श्रेणीचा, सेकंडहँड घेतलेला. विकणाऱ्याने 'जवळपास नवाच' म्हणून दिला होता आणि कापड बघून ते पटतही होतं. कापड खरंच उत्तम होतं. तपासणीत हवा किती झिरपते हे यंत्राने मोजतात आणि त्यात तो मजेत पास झाला. मग एकेक दोरी ठराविक ताण देऊन लेझरने मोजली आणि आकडे निर्मात्याच्या तक्त्याशी ताडले. तपासणाऱ्यांचा फोन आला, "मॅडम, तुम्ही क्वालिटीवाल्या आहात ना? मग रिपोर्ट पाठवतो, तुम्हीच वाचा." पुढच्या ए रांगेच्या दोऱ्या मापात होत्या. मागच्या सी रांगेच्या काही दोऱ्या दोन ते अडीच सेंटिमीटरनी आखूड.

दिसायला हा फरक काहीच नाही. पण याच जातीचा लाल टॅग मी रोज लावते. उडताना भार मुख्यतः पुढच्या दोऱ्यांवर असतो, त्यामुळे त्या ताणलेल्या राहतात. मागच्यांवर भार कमी, आणि डायनिमाच्या दोऱ्या ओल, ऊन आणि वापराने आकसतात. मागची बाजू आखूड झाली की पंखाचा मागचा काठ कायमचा थोडा ओढलेला राहतो, म्हणजे न दाबता ब्रेक दाबल्यासारखं. पंख मंद होतो, उभा राहायला जड जातो आणि स्टॉलच्या, म्हणजे उचल सुटून खाली बसण्याच्या, जवळ उडतो. टेकडीवर तो कधीकधी डोक्यावर यायला कुरकुर करायचा, त्याचा उलगडा झाला. स्टिकरवर बी छापलेलं असलं तरी ज्या पंखाला ते बी मिळालं, तो पंख आता माझ्या हातात नव्हता.

इथे नियम फार साधा आणि फार कडक आहे. पंख प्रमाणपत्राच्या वेळी होता तसा हवा. दोऱ्या निर्मात्याने सांगितलेल्या जातीच्या आणि जाडीच्याच. रायझरला, म्हणजे दोऱ्या ज्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात त्यांना, फेरफार नाही. स्पीड बारचा पल्ला, म्हणजे पायाने दाबून वेग वाढवायची सोय किती इंच खाली येते तो, वाढवायचा नाही. बाजारात मिळणारी पातळ मजबूत दोरी लावून हवेचा अडथळा कमी करण्याचा मोह लोकांना होतो. त्याने पंख कागदोपत्री बाद होतो, आणि कागद बाजूला ठेवला तरी त्याची चाचणी कुणी घेतलेली नसते. मी मागच्या दोऱ्या कंपनीकडून मागवल्या. त्या यायला वेळ लागला आणि तेवढे दिवस पंख पिशवीतच राहिला.

वाट बघताना मी हँग ग्लायडिंगचे नियम वाचून काढले, जुन्या प्रेमापोटी म्हणा. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ म्हणजे एफएआय, आणि त्याची या खेळाची शाखा म्हणजे सिव्हल. त्यांच्या नियमावलीत पंखांचे वर्ग पाडलेले आहेत. पहिल्या वर्गातला हँग ग्लायडर सांगाड्याचा असावा, त्याचं नियंत्रण फक्त पायलटच्या वजनाच्या हालचालीने व्हावं आणि वारा नसतानाही तो सुरक्षितपणे उडवता-उतरवता यावा. ज्याला हलत्या पृष्ठभागांनी वळवतात तो ताठ पंख पाचव्या वर्गात. यांखेरीज नव्यांसाठी स्पोर्ट क्लास असतो. त्यात किंगपोस्टचे ग्लायडर, म्हणजे ज्यांच्या शिडावर एक दांडा उभा असतो आणि त्यावरून आलेल्या तारा पंखाला वरून धरून ठेवतात. वेगवान स्पर्धक पंखांनी हा दांडा आणि तारा काढून टाकल्या, आत मजबूत कार्बनचा आडवा दांडा घातला आणि हवेचा अडथळा कमी केला. त्यांना टॉपलेस म्हणतात. एक मीटर खाली येताना ते पंधरा मीटरच्या आसपास पुढे जातात. माझा पंख नऊच्या घरात.

या टॉपलेस पंखाच्या टोकांजवळ शिडाच्या आत स्प्रॉग नावाचे छोटे दांडे असतात. एरवी ते काही करत नाहीत. पंख फार वेगात नाक खाली घालून गेला की शिडाचा मागचा काठ या दांड्यांवर टेकतो, आणखी खाली जाऊ शकत नाही, आणि त्यामुळे नाक पुन्हा वर येतं. दांडे थोडे खाली बसवले तर पंख वेगात जास्त चांगला उडतो, पण तो सूर मारला की बाहेर येईलच याची खात्री राहत नाही आणि उलटण्याचा धोका वाढतो. स्पर्धकांना हे ठाऊक असतं. म्हणून मोठ्या स्पर्धांत डिजिटल कोनमापक घेऊन स्प्रॉगचे कोन मोजतात आणि निर्मात्याने प्रमाणित केलेल्या आकड्याशी ताडतात.

हे वाचलं तेव्हा सगळं जुळलं. दोन्ही खेळांत वेग ज्या जागेतून काढता येतो ती जागा सुरक्षेसाठीच राखून ठेवलेली आहे. पॅराग्लायडरमध्ये ती दोऱ्यांत आणि स्पीड बारमध्ये, हँग ग्लायडरमध्ये स्प्रॉगमध्ये. तपासणारा बरोबर तिथेच मापपट्टी लावतो. त्याने लावली नाही तर प्रामाणिक माणूस मागे पडतो, आणि मागे पडू नये म्हणून तोही हळूहळू सुरक्षा खरवडायला लागतो.

याचा दाखला २०११ चा आहे. स्पेनमधल्या पिएद्राइताला पॅराग्लायडिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. त्या काळी मोठ्या स्पर्धांत खुला वर्ग असायचा. प्रमाणपत्र नसलेले, बहुतेक प्रायोगिक पंख, दोऱ्या कमीत कमी, वेग जास्तीत जास्त. स्पर्धा सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते आणि दोन पायलट मरण पावले. स्पर्धा तिथेच थांबवली. त्यानंतर अशा पंखांना जागतिक अजिंक्यपदाची दारं बंद झाली आणि काही वर्षांत सीसीसी हा मोजमापात बांधलेला स्पर्धा-वर्ग आला. आज मैदानात कुणी तपासणीला नाक मुरडलं की जुने पायलट पिएद्राइताचं नाव घेतात. पुढे काही बोलावं लागत नाही.

दोऱ्या आल्या, बसल्या, पुन्हा मोजल्या गेल्या, रिपोर्टवर शिक्का पडला. मग माझी पाळी.

प्रत्येक पंखाला वजनाची मर्यादा असते, आणि हे वजन फक्त माणसाचं नाही. पायलट, हार्नेस, राखीव पॅराशूट, हेल्मेट, पाणी, उपकरणं आणि खुद्द पंख, असं सगळं मिळून ते धरतात. चाचणी त्याच मर्यादेत झालेली असते. वरच्या टोकाजवळ भरलात तर पंख वेगवान आणि ताणलेला राहतो. खालच्या टोकाजवळ असलात तर तो वाऱ्यात डुलतो आणि मंद उडतो. मी किरकोळ अंगाची. बायकांना या खेळात ही अडचण कायमची आहे, कारण छोट्या साइझचे पंख मोठ्यांच्या तुलनेत जरा मंदच पडतात. उपाय म्हणून अनेक जणी पाण्याच्या पिशव्या बरोबर घेऊन वजन वाढवतात.

घरच्या काट्यावर हे सामान घेऊन उभं राहता येत नाही. म्हणून एका शनिवारी सुट्टीनंतर मी सगळं कंपनीत नेलं आणि डिस्पॅचच्या प्लॅटफॉर्म काट्यावर पूर्ण साजात उभी राहिले. हार्नेस बांधलेला, हेल्मेट डोक्यावर, पंख पाठीशी. डिस्पॅचच्या काकांनी चष्मा सारखा करून आकडा वाचला, "एकोणसत्तर किलो दोनशे." मग गंभीरपणे विचारलं, "चलन कुणाच्या नावाने फाडू?" माझ्या पंखाची मर्यादा पंचावन्न ते पंचाहत्तर. दोन-तीन लिटर पाणी घेतलं की वरच्या टोकाकडे व्यवस्थित सरकत होते. आईला हा आकडा फोनवर सांगितला तर ती म्हणाली, "त्या दोन किलो पाण्याऐवजी दोन घास जास्त खा ना." नियमाच्या दृष्टीने दोन्ही चालतं. फक्त पाणी उतरण्याआधी सोडून देता येतं.

मग कागद. पायलटच्या पातळीचं आंतरराष्ट्रीय ओळखपत्र, ज्याला सगळे आयपीपीआय कार्ड म्हणतात. एफएआयचं स्पोर्टिंग लायसन्स. विमा. राखीव पॅराशूट अलीकडे उघडून, वाळवून पुन्हा बांधल्याची नोंद. हार्नेसच्या पाठीतल्या संरक्षणाचं आणि हेल्मेटचं मानक. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं आणि त्यात हँग ग्लायडिंग, पॅराग्लायडिंग वगैरेंना स्वतंत्र खेळ म्हणून जागा दिली. पण कागदांचा गठ्ठा करून फाइलला लावणं हे अजून पायलटचंच काम आहे. माझ्याकडे फाइल होती, पारदर्शक पाकिटांची, अनुक्रमणिकेसह. नोंदणीच्या टेबलावरची मुलगी ती बघून हसली आणि तिने शेजारच्याला दाखवली.

ही सगळी तयारी ज्या स्पर्धेसाठी चालली होती ती हिमाचलातल्या बीरला होती, आणि तिच्यात मी स्पोर्ट्स क्लासमध्ये, म्हणजे सौम्य श्रेणीच्या पंखांच्या वर्गात, नाव दिलं होतं. बीर गाव साधारण चौदाशे मीटरवर, आणि चौदा किलोमीटर घाटरस्ता चढून बिलिंगचं टेक-ऑफ चोवीसशे मीटरवर. पाठीमागे धौलाधार. २०१५ साली इथे पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या पायलटला या गवताळ उताराचं अप्रूप आहे. कामशेतच्या टेकड्यांवर शिकलेल्या माणसाला इथे आधी उंचीचीच सवय करावी लागते.

टेक-ऑफवर फळा लागतो. त्यावर त्या दिवसाची शर्यत, म्हणजे टास्क, लिहितात. आकाशात कुठे बिंदू आहेत, प्रत्येकाभोवती किती त्रिज्येचा सिलिंडर, शर्यत किती वाजता सुरू, गोल म्हणजे शर्यतीचा शेवट कुठे. सगळ्यांनी ते जीपीएसमध्ये भरायचं आणि शेजाऱ्याशी ताडून बघायचं. टेक-ऑफजवळ कुठल्या बाजूने घिरट्या घालायच्या तेही ठरलेलं असतं. आमच्याकडे सम तारखेला डावीकडे, विषम तारखेला उजवीकडे. ढगात शिरायचं नाही, शिरलात तर गुण कापले जातात. कुणी अडचणीत दिसला तर शर्यत सोडून मदतीला जायचं, त्याची भरपाई गुणांत मिळते. आणि उतरल्यावर सगळ्यात आधी 'मी उतरले, ठीक आहे' असं कळवायचं. ते न कळवणाऱ्याला दंड असतो, कारण त्याच्यासाठी डोंगरात शोधपथक निघतं.

सुरुवातीच्या सिलिंडरच्या कडेवर आम्ही सगळे एकाच थर्मलमध्ये फिरत होतो. वर डी आणि सीसीसीचे लांब सडपातळ पंख, खाली आमचे जाड. एक हिमालयी गिधाड कुणालाही न विचारता मधोमध घुसलं आणि सगळ्यांपेक्षा सरळ वर गेलं. सुरुवातीची वेळ झाली तसे वरचे पंख स्पीड बार दाबून एकदम निघाले. मोह फार होता. त्यांच्या मागे लागले तर पहिल्या धारेपाशी पोचेपर्यंत मी शंभर मीटर खाली असणार, हे साधं गणित होतं. म्हणून मी दोन घिरट्या जास्त मारल्या, उंची खिशात घातली आणि मग निघाले. पहिला बिंदू झाला, दुसरा झाला. तिसऱ्याआधी दरीतला वारा वाढला, थर्मल तुटक झाले, आणि मी एका पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात उतरले. शेतातल्या बाईंनी आधी पंख बघितला, मग मला, आणि विचारलं, "अकेली?" मी हो म्हटल्यावर त्यांनी चहा टाकला. मी आधी उतरल्याचा निरोप पाठवला, मग चहा घेतला.

गुणांची पद्धतही मला आवडली. तिला गॅप म्हणतात, ती तयार करणाऱ्या गेरोल्फ, आंजेलो आणि पॉल या तिघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून. दिवस चांगला असेल तर जिंकणाऱ्याला हजाराच्या जवळ गुण. दिवसच वाईट असेल, फार थोडे लांब गेले असतील, तर सगळ्या दिवसाचंच वजन कमी होतं. अंतराचे गुण, वेळेचे गुण, पुढे राहून वाट दाखवल्याचे गुण. म्हणजे गोलला न पोचणाऱ्यालाही जितकं उडलं तितकं मिळतं. माझा क्रमांक यादीच्या खालच्या अर्ध्यात होता, पण यादीत होता.

संध्याकाळी सगळ्यांचे ट्रॅकलॉग, म्हणजे जीपीएसने नोंदवलेल्या वाटा, लावून बघताना त्या जाणत्या पायलटचं म्हणणं पटलं. माझ्या शेजारून निघालेल्या, माझ्याच श्रेणीच्या पंखावरच्या एका मुलीने दरीत न उतरता धार धरून ठेवली होती आणि ती गोलला पोचली होती. पंख तोच, हवा तीच. फरक उरला तो फक्त निर्णयाचा. सगळ्यांचे पंख मोजलेले नसते तर तिचा पंखच बरा असेल म्हणून मी स्वतःची समजूत घातली असती. तपासणीने ती सोय काढून घेतली. मी उतरले ती नेमकी कुठल्या वळणावर, हे नकाशावर स्वच्छ दिसत होतं आणि शिकायचं होतं ते तिथेच होतं.

परत आल्यावर सोसायटीतली आणि कंपनीतली दोन-चार तरुण मुलं विचारायला आली. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, स्पर्धेसाठी कोणता ग्लायडर घेऊ? सी घेऊ का, की थेट डी? मी त्यांना सांगते, की ज्या पंखावर डोळे झाकून टेक-ऑफ जमतं आणि भर दुपारच्या खवळलेल्या हवेतही हात घट्ट होत नाहीत, तोच पहिल्या स्पर्धेला न्या. स्पोर्ट्स क्लास त्यासाठीच ठेवलेला आहे. हँग ग्लायडिंगमध्येही शहाणे लोक किंगपोस्टवर सुरुवात करतात, टॉपलेसवर नाही. वेगवान पंख घेतल्याने शर्यत वेगात होत नाही. त्याला सांभाळण्यात डोकं गुंतलं की हवा वाचायला ते मोकळं राहत नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा. नवा पंख काही लाखांत जातो, आपल्या पगारात ते सोपं नाही. सेकंडहँड जरूर घ्या. मात्र 'फार उडलेला नाही' या वाक्यावर पैसे देऊ नका. दोऱ्यांच्या मापाचा आणि कापडाचा रिपोर्ट मागा. नसेल तर तपासणीचा खर्च धरून भाव करा. विकणारा चिडला तर दुसरा पंख बघा. आपल्या पूर्ण साजातलं वजन आधी करा आणि मग साइझ ठरवा. मित्राचा पंख स्वस्तात मिळतोय म्हणून मोठा साइझ घेतलेले पायलट मी टेक-ऑफवर ताटकळताना बघितले आहेत. राखीव पॅराशूट विकत घेऊन पिशवीत विसरू नका, ते नियमाने उघडून बांधून घ्या.

आणि स्पर्धेची एन्ट्री फी भरण्याआधी तपासणीचे पैसे भरा.